भविष्यकाळ, झालेल्या पाठांपुरता

तैपेईत सकाळी मी ढ असते आणि संध्याकाळी विद्वान. मधल्या वेळात जेवते.

ढपणाची सोय दाआन भागातल्या नॉर्मल विद्यापीठाच्या मँडरिन केंद्रात आहे. 1956 पासून हे केंद्र परदेशी जिभा वळवण्याचं काम करतंय, तेव्हा माझ्यासारखे नमुने त्यांनी पुष्कळ पाहिले असणार. सुरुवातीला मी जरा मिजाशीत होते, कारण मराठी जीभ इथे बरंच काही तयार घेऊन येते. श्वास सोडून म्हणायचा त आणि श्वास आवरून म्हणायचा त यांतला फरक कळावा म्हणून शेजारचा अमेरिकन मुलगा तोंडासमोर कागद धरून तो हलतो का ते बघतो. आपण बालवाडीतच त आणि थ वेगळे केलेले असतात. 'चाक'मधला च तर इथे जसाच्या तसा सापडतो. पण मग सूर सुरू झाले. बाई हवेत हात वर नेतात, खाली आणतात, मध्येच एक खड्डा काढतात आणि त्या हाताबरोबर आवाज न्यायचा असतो. आमच्या सात पिढ्यांत कुणी गायलं नाही, हे त्या वर्गात सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी मी 'पूशीपान'मध्ये इंग्रजी शिकवते. पूशीपान म्हणजे आपल्याकडचे क्लासेस. गल्लोगल्ली आहेत, आणि शाळा सुटल्यावर मुलं घरी न जाता तिथे जातात. 2030 पर्यंत देश द्विभाषिक करायचा असं सरकारने 2018 मध्ये जाहीर केलं, पण पालकांनी ते त्याच्या कितीतरी आधी मनावर घेतलेलं होतं. भाषा शिकायला आलेल्याला वर्षभरानंतर कामाचा परवाना मागता येतो, तोही आठवड्याला 20 तासांपुरता. परवाना घेऊन मी एका मालकीणबाईंसमोर जाऊन बसले. पालकांना अमेरिकन लागतो हो, असं त्या अतिशय अदबीने सांगत होत्या, तेवढ्यात बाहेर बेथोव्हेन वाजला. इथली कचऱ्याची गाडी 'फ्युर एलिझ' वाजवत येते आणि कचरा आपणच पळत जाऊन तिच्यात टाकायचा असतो. बाई निळी पिशवी उचलून जिन्यावरून धावत सुटल्या. धापा टाकत परत आल्या तेव्हा वाद घालायची ताकद उरली नसावी. मला सोमवारपासून बोलावलं.

माझी मुलं सात-आठ वर्षांची आहेत. 'ही गो टू स्कूल' म्हणतात आणि क्रियापदाला एस लावायला सांगितलं की माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात. त्यांच्या भाषेत मी, तू, तो, काल, उद्या कुणासाठीही क्रियापद जागचं हलत नाही. सकाळी या सोयीवर मी स्वतःच खूश झालेली असते, त्यामुळे संध्याकाळी एसची बाजू मांडताना आवाजात जोर येत नाही.

वर्ग खरा जागा होतो तो मी फळ्यावर चिनी अक्षर काढायला घेतलं की. 'देश' या अक्षराला चारी बाजूंनी चौकट असते. आधी आतलं सगळं भरायचं आणि खालची आडवी रेघ शेवटी मारायची, असा नियम आहे. मी ती रेघ आधी मारणार असं दिसताच पुढच्या बाकावरची चिमुरडी किंचाळते, "टीचर, दार लावलंत तर माणसं आत कशी जाणार?" नीट जमलं की ती मला स्टिकर देते. मीच तिला दिलेला असतो.

तर, पुढे काय?

हा प्रश्न पहिल्यांदा चिनीत विचारला गेला तेव्हा माझ्याकडे जेमतेम काही शब्द होते. मी उभी राहून सांगितलं की मला रेस्टॉरंट काढायचं आहे. माझ्यानंतर व्हिएतनामच्या मुलीने रेस्टॉरंट काढलं, मग अमेरिकनाने. परकी भाषा शिकताना खायचे शब्द आधी येतात, त्यामुळे त्या दिवशी आमच्या अख्ख्या वर्गाने हॉटेलधंदा पत्करला. पाठ पुढे सरकले तसे 'कंपनी', 'भाषांतर', 'संशोधन' असे शब्द आले आणि माझ्या महत्त्वाकांक्षा वाढत गेल्या. खरं सांगायचं तर मराठीतही माझ्याकडे याहून पक्कं उत्तर नव्हतं. तिथे फक्त न अडखळता टाळता येतं.

घरच्यांकडे मात्र उत्तरं आहेत. आईच्या मते रांजणगावला हायर या चिनी कंपनीचा कारखाना आहे, तिथे दुभाषी लागतच असतील, आणि शनिवार-रविवार पुण्याला घरी येता येईल. सोलापूरच्या मामाचं उत्तर भव्य आहे: "अगं, आपले डॉक्टर कोटणीस गेलेच होते की!" 1938 मध्ये द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले, भाषा शिकले, त्याच भाषेत वैद्यकीही शिकवली. तो चीन वेगळा आणि हे तैवान वेगळं, हे मामाला समजावायला गेलं की फोन लांबतो. डॉक्टर बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले, एवढा भाग मामा गाळतो. मी एकोणतीस वर्षांची आहे, त्यामुळे मी तो गाळत नाही.

इथे राहायचं तर एक रस्ता आहे. आधी इथल्या विद्यापीठाची पदवी घ्यायची, मग नोकरीच्या परवान्यासाठी गुण मोजायचे. शिक्षण, पगार, अनुभव, चिनी, इतर भाषा असे रकाने आहेत आणि 70 गुण भरले की माणूस उत्तीर्ण. दहावीनंतर हे सगळं संपलं अशी माझी समजूत होती.

तरी एम.ए.चा अर्ज भरायला घेतला. त्यात 'भावी योजना' हे चिनीत लिहायचं होतं. मी लिहिलं आणि बाईंना दाखवलं. दुसऱ्या दिवशी कागद लाल होऊन परत आला. जिथे मी 'बहुधा' लिहिलं होतं तिथे त्यांनी 'निश्चित' केलं होतं आणि शेवटी भाषाशिक्षणाच्या संशोधनाबद्दल एक देखणं वाक्य घातलं होतं. वाचून मला त्या मुलीचं कौतुक वाटलं. काय करायचंय ते तिला नेमकं ठाऊक होतं, आणि तिच्या क्रियाविशेषणांच्या जागाही बरोबर होत्या. मुदत शुक्रवारपर्यंत आहे. मी तिचाच अर्ज पाठवणार आहे.