पाठ पाहणारे काकाजी

तक्तेवाले काकाजी तुमच्याही मोहल्ल्यात असतीलच, म्हणून ओळख करून देत बसत नाही. सरळ किराणा दुकानात चला. गिऱ्हाइकं ताटकळलेली, दुकानदार घामाघूम, आणि काकाजी बिस्किटाचा पुडा उलटा करून, चष्मा कपाळावर चढवून, नाकाशी धरून वाचताहेत. पुढच्या बाजूला नाचणीचं कणीस आहे, पळणारा सडपातळ माणूस आहे. काकाजी तिकडं ढुंकूनही बघत नाहीत. "समोरून सगळेच सुंदर दिसतेत, भाऊ. पाठ पाहा."

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, हा नियम त्यांना कळला त्या दिवसापासून आमच्या तुमसरात एक पुडा सुलटा राहिलेला नाही. "पाह्यना, पयला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल. नाचणी सातवी! सातव्या नंबरवाल्याचा फोटो कोन छापते?"

मग ती सवय हाताला लागली. लग्नपत्रिका आली की उलटी. प्रसादाचा द्रोण आला की उलटा, आणि मग खाली सांडलेला शिरा वेचायला आम्ही. बाजारात सिंगाडे विकणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं, "यात सोडियम किती?" ती म्हणाली, "मले का मालूम जी? पाठ पाहून घ्या." काकाजींनी इमानदारीनं सिंगाडा उलटा केला. सिंगाड्याला काटे असतात.

या मोजमापाच्या वेडाचं मूळ डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत आहे. काकाजींची उभी नोकरी तिथं खनिजाचे नमुने तपासण्यात गेली. ढीग पाहून आपण 'बापरे' म्हणतो, काकाजी 'किती टक्के?' विचारत. निवृत्तीनंतर ढीग सुटला, टक्के नाही सुटले.

दर रविवारी रात्री पाठकोऱ्या कागदावर आठवड्याच्या जेवणाचा तक्ता बनतो आणि फ्रिजवर चिकटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं माणशी रोज 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगितल्यात. दोन माणसं, सात दिवस, म्हणजे 5 किलो 600 ग्रॅम. तेवढं फ्रिजात मावत नाही, म्हणून पालक आणि सांभाराच्या जुड्या देवघरात. मीठ माणशी 5 ग्रॅमच्या आत. फेब्रुवारी 2025 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं, तर यांनी दुसऱ्याच दिवशी तेलाच्या डब्यावर स्केचपेननं रेघ मारली.

इथवर आम्ही सहन केलं. मग त्यांनी भाताला हात घातला. तुमसरात! जिथं राईस मिलचा भोंगा आणि माणसाची भूक एका वेळी जागी होते, तिथं हे राईस मिलमध्ये जाऊन बिनपॉलिशचा तांदूळ मागायला लागले. पॉलिश करताना कोंडा जातो आणि कोंड्याबरोबर ब-1 जीवनसत्त्व जातं, ही त्यांची तक्रार खरीच आहे. "तो कोंडा जाते कुठं?" त्यांनी विचारलं. मिलवाला म्हणाला, "तेलवाले नेतेत जी." काकाजींना घरच्या तेलाच्या पाकिटाची पाठ आठवली. राईस ब्रॅन! "म्हणजे माह्याच तांदळाचा कोंडा तुम्ही विकता, अन् मीच तो पाकिटातून परत आनतो?" मिलवाल्यानं शांतपणे चहा मागवला. दोघांनाही बिनसाखरेचा.

या सगळ्यात एक बारीकशी गोष्ट तक्त्यात कधीच नसते. 'बुधवार : मोडाची उसळ, ज्वारीची भाकर.' मटकी मंगळवारी कोण भिजवणार, फडक्यात कोण बांधणार, तव्यासमोर कोण उभं राहणार? तक्ता काकाजींचा, चूल काकूंची. आरोग्याच्या गप्पा मारणाऱ्या बहुतेक पुरुषांच्या घरी हीच वाटणी असते. पोळ्याच्या दिवशी तर त्यांनी 'दुधीचं सूप' लिहिलं होतं. काकूंनी कागद फ्रिजवरून काढला, उलटा केला आणि म्हणाल्या, "पाठ पाह्यली. कोरी हाय. म्हणून पुरन घातलं."

आता नाइलाजानं एक सांगावं लागतं. हे वाचन सुरू झालं ते काकूंच्या रिपोर्टवरून. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठ टक्के निघाली आणि टक्क्यांचा माणूस टक्क्यांनीच घाबरला. त्याआधी घरात मिठाचा डबा कुठं असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता दवाखान्याची तारीख काकू विसरतात, ते विसरत नाहीत. डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीचीही पाठ बघतात, काही राहिलं तर नाही म्हणून.

परवा तक्त्यात गुरुवारपुढं काकूंच्या अक्षरात एक ओळ होती : 'स्वयंपाक : तुम्ही.' मी मुद्दाम जेवायच्या वेळेला गेलो. काकाजींनी वांग्याची भाजी केली होती, तेल रेघेच्या वरच ठेवून, मसाला चमच्यानं मोजून. पहिला घास घेतला आणि त्यांच्याकडं पाहिलं. भाजीत मीठच नव्हतं.

"5 ग्रॅमच्या आत हाय," काकाजी म्हणाले.

काकूंनी ताट पुढं केलं. "वाढा अजून. कायचे ग्रॅम मोजून रायले?"