काम चालू, रस्ताही चालू

घरात कुणाचं मनगट मोडलं की पहिल्या दिवशी भेटायला येतात ते नातेवाईक आणि दुसऱ्या दिवसापासून येतात ते वैद्य. काकू डिंकाचे लाडू आणतात, मामा पाया सूपवर अडून बसतात आणि शेजारच्या आजी कुठूनशी हाडजोडीची वेल पैदा करून तिचा लेप लावायला सांगतात. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, ही त्यांच्या लेखी किरकोळ अडचण. हे प्लास्टर तसं अलीकडचं. मॅथायसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने १८५२ च्या सुमारास ते रुळवलं. आपल्याकडे सुश्रुताने त्याच्या कितीतरी आधी मोडलेल्या हाडांचे बारा प्रकार लावून ठेवले होते आणि माणसाची हाडं मोजली होती तीनशे. चरकाने तीनशे साठ. आजचे डॉक्टर दोनशे सहा म्हणतात. पण सुश्रुताने दात आणि कूर्चाही धरल्या होत्या, तेव्हा हिशेब चुकला असं म्हणता येत नाही. शिवाय नवजात बाळाची हाडं आजही पावणेतीनशेच्या आसपास भरतात. पुढे ती एकमेकांत मिसळत जातात.

बाहेर हा सल्ल्यांचा बाजार भरलेला असताना प्लास्टरच्या आत वेगळंच काही चाललेलं असतं. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. त्या गुठळीत पेशी गोळा होतात आणि दोन-तीन आठवड्यांत कूर्चेचा मऊ सांधा तयार करतात. मग त्यात क्षार बसतात, कूर्चेच्या जागी हाड येतं. आईच्या पोटात हातापायांची हाडं घडली तीही याच वाटेने. म्हणजे सत्तरीतल्या आजोबांचं मनगट दीड महिना पुन्हा गर्भात जाऊन येतं, आणि आजोबा मात्र प्लास्टरमध्ये पट्टी घालून खाजवत बसलेले असतात.

आपल्याला याचं नवल वाटतं, कारण हाड ही मेलेली वस्तू आहे असं आपण धरून चाललेलो असतो. तिची आपली भेट दोनच ठिकाणी होते: शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सांगाड्यात आणि नाशिकला न्यायच्या कलशात. जिवंतपणी मात्र हाडाइतकी खोदाई शरीरात दुसरीकडे कुठे नसेल. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड खात जातात, ऑस्टिओब्लास्ट मागून नवं भरत येतात. खोदायला साधारण तीन आठवडे, भरायला तीन-चार महिने. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे वेळापत्रक तोंडपाठ आहे. फरक एवढाच की इथे वाहतूक एक दिवसही बंद नसते आणि भरलेला खड्डा पहिल्या पावसात उघडा पडत नाही. वर्षाला सुमारे दहा टक्के सांगाडा असा नवा होतो. पन्नाशीतला गृहस्थ ज्या कंबरेला जुनी झाली म्हणून बोल लावतो, तिच्यातलं बरंचसं हाड वयाने चौथीच्या पोराएवढं असतं.

खोदायचं कुठे, भरायचं कुठे, हे ठरतं भारावर. हाडात ठिकठिकाणी गाडून घेतलेल्या पेशी बारीक धाग्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि कुठे किती ताण पडतोय याची खबर त्या पुढे पोचवतात. जिथे भार, तिथे भर. बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हा नियम मांडला. टेनिसपटूचा रॅकेटचा हात आतूनही जाड असतो तो यामुळे. अंतराळवीर तरंगायला लागले की कंबरेच्या आणि मांडीच्या हाडांना वाटतं आता आपलं काम संपलं. ती महिन्याला एखाद टक्का झिजतात. निवृत्त माणसाला सगळे प्रेमाने ‘आता बसून खा’ म्हणतात. तो हे अर्धंच ऐकतो, हाडं पूर्ण ऐकतात.

वय वाढलं की खोदणारे पुढे निघून जातात, भरणारे रेंगाळतात. बायकांच्या बाबतीत पाळी थांबल्यावर हे फार झपाट्याने होतं, कारण खोदणाऱ्यांना आवर घालणारं इस्ट्रोजेनच ओसरतं. तरी आपल्या घरांत सांधेदुखीची चौकशी आधी आजोबांकडे होते आणि बादली आजी उचलते.

भरलेल्या जखमेचा व्रण कातडीवर जन्मभर राहतो. हाड तेवढंही मागे ठेवत नाही. आधी सांध्यावर गाठ येते, मग तीही हळूहळू कोरून जागेवर बसवली जाते. लहानपणी मोडलेला हात तर पुढे एक्स-रेतसुद्धा बहुधा सापडत नाही. त्यामुळे लग्नाकार्यात पंक्ती उठल्यावर तो वाद निघतोच: आई म्हणते डावा, आत्या म्हणते उजवा, आंब्यावरून पडला की चिंचेवरून यावर दोन काका हमरीतुमरीवर येतात, आणि ज्याचा हात, त्याला कुणी विचारत नाही, कारण तो तेव्हा लहान होता.