आयपॅकराव आणि त्यांचा बंदोबस्त

कोणतीही वस्तू उपयोगी ठरण्यापूर्वीच ती विकत घेण्याची प्रेरणा ज्यांना जन्मतः लाभलेली असते, आणि तीच वस्तू पुढे उपयोगी ठरून घरोघर पोचली म्हणजे तिच्याविषयी ज्यांच्या चित्तात वैराग्य उत्पन्न होते, अशा गृहस्थांचा एक स्वतंत्र वर्ग कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीच्या मराठी वस्तीत फार दिवसांपासून नांदत आला आहे. आयपॅकराव हे त्या वर्गाचे मुकुटमणी. त्यांचे पाळण्यातले नाव निराळे आहे. परंतु ते आता पारपत्रावर आणि त्यांच्या मातुःश्रींच्या तोंडी तेवढे उरले असून सनीव्हेलपासून फ्रीमाँटपर्यंतचा सारा मित्रपरिवार त्यांना त्यांच्या यंत्राच्या नावानेच ओळखतो, आणि या गोष्टीस त्यांनी आजवर हरकत घेतलेली नाही.

ते यंत्र म्हणजे नोव्हेंबर २००२ मध्ये बाजारात आलेला एच-५४५० क्रमांकाचा आयपॅक, तळहातावर मावणारा संगणक. हे घराणे मूळचे कॉम्पॅकचे. २००० साली तिथे जन्मले, आणि मे २००२ मध्ये कॉम्पॅकच ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली तेव्हा माहेरचे नाव न सोडता सासरी नांदू लागलेल्या मानी सुनेप्रमाणे ते तिथे रुळले. किंमत ६९९ डॉलर. डॉटकॉमचा फुगा फुटून दोनएक वर्षे झालेली, कोणाचा हिशेब कोणत्या शुक्रवारी चुकता होईल याचा नेम नाही, आणि नोकरी गेल्यास एच-१बी परवान्याचे काय करावयाचे, या चिंतेने भलेभले गृहस्थ बाहेरचे जेवणसुद्धा वर्ज्य करून बसलेले, अशा समयी आयपॅकरावांनी ही खरेदी केली, आणि वहिनींनी पृच्छा करताच, मंदीच्या काळात माणसाने ज्ञानात गुंतवणूक करावी, असे शांतपणे सांगितले. त्या ज्ञानाचा तपशील ते पुढे कित्येक महिने भेटेल त्याला मुखोद्गत ऐकवीत: ४०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट स्मृती, ३.८ इंची रंगीत पडदा, ब्लूटूथ, बिनतारी जाळे. आणि येथे किंचित थांबून, स्वर एक पट्टी खाली आणून, बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप.

या कुलपाचा विधी पाहण्यासारखा असे. यंत्राच्या तळाशी, बटणांच्याही खाली, एक अरुंद पट्टी होती. त्वचेवरच्या रेषांचे उंचवटे तिला टेकतात, खळगे टेकत नाहीत, आणि उष्णतेतील एवढ्याशा तफावतीवरून ती ठसा वाचते. परंतु बोट जागच्या जागी ठेवले तर ही तफावत क्षणार्धात नाहीशी होते, म्हणून ते पट्टीवरून वरून खाली ओढावे लागते, आणि तेही फार त्वरेने नव्हे, फार सावकाश नव्हे. आयपॅकराव प्रथम चष्मा सारखा करीत, मग तर्जनी सदऱ्याच्या टोकाला पुसत, मग श्वास रोखून ती ओढीत. यंत्र नकार देई. ते आमच्याकडे पाहून, "आज हवा कोरडी आहे," असे म्हणत आणि पुन्हा ओढीत. बोट किंवा सांकेतिक शब्द यांपैकी एकावर भागेल, अशीही योजना त्या यंत्रात होती. परंतु आयपॅकरावांनी बोट आणि सांकेतिक शब्द दोन्ही लागतील, असा कडेकोट बंदोबस्त मुद्दाम करून ठेवला होता, आणि त्यामुळे आमच्यापैकी कोणाचा दूरध्वनी क्रमांक त्यांना हवा असला म्हणजे तो क्रमांक ज्याचा, त्यालाच विचारणे अधिक सोयीचे पडे.

एवढ्या पहाऱ्यात ठेवलेले गुपित तरी काय होते? एकदा त्यांनी आपण होऊनच 'गोपनीय' या नावाची नोंद मला उघडून दाखवली; दाखवल्यावाचून ती गोपनीय आहे हे मला कळले नसते, हा त्यांचा युक्तिवाद मला मान्य करावा लागला. तीत थालीपिठाच्या भाजणीचे प्रमाण होते, गाडीत तेल केव्हा बदलले त्याच्या तारखा होत्या, आणि पुण्याच्या घराच्या वाटणीसंबंधी थोरल्या बंधूंना सुनवावयाची काही वाक्ये होती. यंत्राच्या मूळ व्यवस्थेत देवनागरीची सोय नसल्याने ती रोमन लिपीत लिहिली होती, आणि त्यामुळे त्यांतला संताप पुष्कळच ओसरलेला वाटत होता. माझ्या मते आयपॅकरावांचे खरे शल्य हेच की त्यांची गुपिते चोरावीशी वाटणारा इसम त्या संपूर्ण खोऱ्यात उपजलाच नव्हता. बिचारे यंत्र टेबलावर ठेवून मुद्दाम हात धुवायला जात, आणि परत येऊन पाहतात तो ते जिथल्या तिथे असे.

कोणी या अंगठेबाजीची थट्टा केलीच, तर मात्र त्यांच्यातला देशाभिमानी खडबडून जागा होई. जुलै १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या साहेबाने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारनाम्यावर सबंध पंजाचा ठसा घेतला, तो ओळख पटावी म्हणून नव्हे, तर पुढे त्याने सही नाकबूल करू नये असा धाक बसावा म्हणून. मग १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे सरकारी दफ्तर उघडले आणि ठशांची वर्गवारी बसवण्याची किचकट कामगिरी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा एतद्देशीय अंमलदारांनी केली, परंतु ती पद्धती गाजली त्यांच्या वरिष्ठ एडवर्ड हेन्रीच्या नावाने, ही सारी हकीकत ते अशा त्वेषाने सांगत की जणू तो अन्याय त्यांच्याच बढतीच्या वेळी झाला होता. हकीकत खरी आहे. पण ती संपेतो पुढ्यातला चहा निवून जाई.

बिनतारी जाळ्याची कथा थोडक्यात सांगतो, कारण जाळे तेव्हा थोडक्याच ठिकाणी होते. स्टारबक्सच्या उपाहारगृहांतून टी-मोबाइलची बिनतारी सेवा २००२ च्या ऑगस्टात गाजावाजा करून सुरू झाली होती, आणि त्या उपक्रमात ह्यूलेट-पॅकार्डही सामील असल्याने आयपॅकरावांना तिथे जाणे हे आपले कर्तव्यच वाटे. एका कॉफीवर दोन तास काढून ते मराठी वृत्तपत्रे उघडीत. त्या काळी आपली वृत्तपत्रे स्वतःच्या खासगी टंकांवर चालत; ते टंक या यंत्रात नसल्याने पडद्यावर मथळ्यांच्या जागी कंस, टिंबे आणि यवनी अक्षरे यांची रांग उभी राही. आयपॅकराव ती गंभीरपणे वरून खाली वाचीत आणि, "महाराष्ट्रात काही धड चाललेले नाही," असा अभिप्राय देत.

त्यांचा कस लागला तो गणेशोत्सवात. त्या वर्षी त्यांनी वर्गणीदारांची यादी कागदावर ठेवण्यास साफ नकार देऊन ती यंत्रात दाखल करून घेतली होती. भाड्याच्या सभागृहात आरती आटोपून मंडळी पानावर बसण्याच्या बेतात असता, कोणाकोणाकडून वर्गणी यावयाची राहिली, असा सवाल खजिनदारांनी टाकला, आणि इतक्या महिन्यांत प्रथमच आयपॅकरावांच्या यंत्रातली माहिती खरोखर कोणाला तरी हवी झाली. तीसचाळीस माणसे भोवती जमली. आयपॅकराव तडक स्वयंपाकघरातून आले होते. तिथे त्यांनी मोदकांसाठी अकरा नारळ खोवले होते आणि बोटांना खोबऱ्याचे तेल व गुळाचा चिकटा असा दुहेरी लेप बसला होता. त्यांनी उजवी तर्जनी ओढली. नकार. हात धुऊन आले. नकार, गार पाण्याने बोटे सुरकुतली होती. मधले बोट, अंगठा, डावा अंगठा अशी क्रमाने दरखास्त गुदरून झाली, आणि यंत्राने प्रत्येक वेळी ती तितक्याच निर्विकारपणे फेटाळली.

तेव्हा वहिनी पदराला हात पुसत पुढे आल्या. "इकडे द्या बघू," एवढेच म्हणून त्यांनी आपले बोट एकदा ओढले, लेखणीने चार अक्षरे टिपली, आणि यादी उघडली. सभागृहात जी शांतता पसरली तिचे कारण यादीतल्या थकबाकीदारांनाच तेवढे उमगले असेल असे नाही.

"अहो, म्हणजे तुमच्या गोपनीयाची चावी वहिनींकडे?" खजिनदारांनी विचारले.

"मुखत्यारपत्र दिलेले आहे," आयपॅकराव म्हणाले.

पुढे काही दिवसांनी वहिनींकडूनच कळले की यंत्र घरात आल्याच्या पहिल्याच रात्री आयपॅकरावांचे बोट नोंदवून घेताना ते इतक्यांदा नापास झाले की, यंत्र बिघडलेले आहे काय याची रुजुवात करण्यासाठी वहिनींचे बोट लावून पाहण्यात आले, आणि ते पहिल्या फटक्यात पास झाले. थोरल्या दिरांसाठी लिहून ठेवलेली ती वाक्ये वहिनींनी वाचली होती. त्यांतली दोन त्यांनी पुसली होती आणि एकात दुरुस्ती केली होती.

अशा यंत्रांतली माहिती विजेच्या आधारावर तगून असे. बॅटरी पुरती संपली की ती सगळी निघून जाई आणि यंत्र पहिल्या दिवसाइतके कोरे होई. दुसऱ्या वर्षी आयपॅकराव तीन आठवड्यांसाठी पुण्यास गेले आणि ते भारणाचे साधन घरीच विसरले, तेव्हा भाजणी, तेलाच्या तारखा आणि बंधूंवरचा रोष हे सर्व एकाच वेळी अनंतात विलीन झाले. वाटणी मात्र त्याच मुक्कामात गोडीगुलाबीने पार पडली. ऐन वेळी त्यांना काही आठवेना, असे वहिनी सांगतात.

सप्टेंबर २०१३ मध्ये ॲपलने बोटाच्या ठशाने उघडणारा आयफोन आणला आणि सारे जग विस्मयचकित झाले, तेव्हा आयपॅकरावांना जे समाधान लाभले ते पिढीजात वतनाची सनद कोर्टात शाबीत झालेल्या इनामदारालाच कळावे. त्या दिवाळीच्या फराळाला त्यांनी जुना आयपॅक खणातून काढून सदऱ्याच्या खिशात घालून आणला, आणि नुकताच नोकरीला लागलेला एक तरुण आपला नवा फोन सर्वांना दाखवीत होता त्याच्यासमोर तो ठेवून म्हणाले, "आमच्याकडे हे ११ वर्षांपूर्वी होते. बोट, बिनतारी जाळे, सगळे."

मुलगा सुस्वभावी होता. त्याने यंत्र दोन्ही हातांत घेतले, उलटसुलट करून पाहिले, आणि विचारले, "काका, ह्यावरून फोन कसा लावायचे?"

"फोन निराळा असे," आयपॅकराव म्हणाले. "तो पट्ट्याच्या डाव्या अंगाला."