उपरोक्त विषयास अनुसरून

जून उजाडला की अप्पा बळवंत चौकात दोन जातींची गिऱ्हाइकं दिसू लागतात. पुस्तकांची यादी हातात धरून घामाघूम झालेले पालक, आणि आमचे सर. पालक पंधरा दिवसांत संपतात. सर वर्षभर पुरतात.

चौकामागच्या बोळात माझं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान आहे. शटर पूर्ण वर गेल्यावर, मी उदबत्ती ओवाळत असताना, "उघडलंय का?" असा प्रश्न आला की समजायचं, कुठल्या तरी ट्रस्टची शेवटची तारीख आली. खांद्याला शबनम, खिशाला दोन पेनं. निळं लिहायला आणि काळं 'फक्त काळ्या शाईने भरावे' या सूचनेसाठी. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पासपोर्ट फोटोंची चळत. अकरा वर्षांपूर्वी स्वस्त पडले म्हणून सरांनी एकदम चार डझन काढून घेतले होते. त्यामुळे फोटोतल्या सरांना केस आहेत आणि काउंटरवरच्या सरांना चष्मा.

सर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. उरलेला वेळ अर्ज तत्त्वावर जगतात. धर्मादाय ट्रस्ट म्हटला की त्यांच्या तोंडी नोंदणी क्रमांक, बारा-ए, ऐंशी-जी अशी बाराखडी सुरू होते. १९५० सालचा सार्वजनिक न्यासांचा कायदा त्यांना व्यंकटेशस्तोत्रासारखा पाठ आहे. कुठल्या ट्रस्टला अर्ज स्पायरल बाइंडिंग केलेला लागतो आणि कोण त्याला 'फाइल लावता येत नाही' म्हणून परत पाठवतो, हे ज्ञान पुण्यात त्यांच्याइतकं कोणाला नसेल.

विषय मात्र एकच. पेशवेकाळात श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी, रमण्यात वाटली जाणारी दक्षिणा. थोडक्यात, विद्वानांनी पैशासाठी कुठे नि कशा रांगा लावल्या, याचा अभ्यास. त्यासाठी पैसे मिळावेत म्हणून सर स्वतः रांगेत उभे आहेत.

विषय एक असला तरी नावं अनेक. ट्रस्ट आरोग्याचा असेल तर 'रमण्यातील गर्दी व सार्वजनिक आरोग्य'. पाण्याचा असेल तर 'दक्षिणार्थींच्या जलव्यवस्थापनाचा चिकित्सक अभ्यास'. तरुणांना उद्योजक करणारा एक ट्रस्ट निघाला, तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "आता?"

"पेशवेकालीन स्वयंरोजगार," सर म्हणाले. पापणीही लवली नाही.

हात टेकले ते फक्त दोन ठिकाणी. लेडी टाटा ट्रस्ट १९३२ पासून रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनाला पैसे देतो. "तिथे विषय वळेना हो," हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला. आणि जमशेटजींनी १८९२ साली काढलेल्या निधीतून परदेशी शिकायला मिळतं, पण ते कर्जाऊ. शिवाय पर्वती परदेशात नाही.

खरी गंमत अंदाजपत्रकाची. एकदा त्यांनी तक्ता माझ्यासमोर काउंटरवर भरला. क्षेत्रकार्याचं ठिकाण: पर्वतीचा पायथा. वाहन: सायकल. खर्च: निरंक. दप्तरखान्यात जाण्यायेण्याचं बसभाडं धरलं. टाचणवह्या सहा. संकीर्ण या सदरात त्यांनी बराच विचार करून 'चहा' लिहिलं आणि प्रामाणिकपणे खोडलं. बेरीज चार हजार दोनशे. सूचनापत्राच्या मागे बारीक टायपात होतं : पाच लाखांखालील प्रस्ताव विचारात घेतले जाणार नाहीत. मग पुढचे दोन तास आम्ही दोघे गरजा शोधत होतो. एक संगणक, एक प्रकल्प-सहायक, एक परिसंवाद, परिसंवादाला जेवण. तरी तीन लाखांपुढे सरांची हाव जाईना.

उत्तरं येतात. 'आपला प्रस्ताव स्तुत्य आहे. तथापि...' सर ती पत्रं तारीखवार लावून ठेवतात. "सत्तावीस तथापि झाले," ते सांगतात, एखाद्यानं वाऱ्या मोजाव्यात तसं.

परवा दुपारी असाच नवा अर्ज चालला होता. तिसरी प्रत निघता निघता लाइट गेली. इन्व्हर्टर बसवायला तपकीर गल्लीतून आलेला पोरगा तारा हातात धरून तसाच थांबला. प्रोजेक्टची पानं घेऊन आलेली एक मुलगी होती, नवनीतचा गठ्ठा सांभाळत एक बाई होत्या. सर कागदाच्या रिमवर बसले. मुलीनं सहज विचारलं, "दक्षिणेत संशोधन करण्यासारखं काय असतं, सर?"

आणि सर सुरू झाले. मूळची दक्षिणा तळेगावच्या दाभाड्यांची. १७३१ साली डभईला त्रिंबकराव दाभाडे पडले आणि बाजीरावांनी ती पुण्यात चालू ठेवली. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा. सगळ्यांना आत घ्यायचं, दारं लावायची आणि एकेकाला बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवायची, म्हणजे कुणी दोनदा घेणार नाही. "छाननी समिती!" तारवाला पोरगा ओरडला. "बरोब्बर!" सर उभे राहिले. मग इंग्रज आले. दक्षिणेचा काही पैसा १८२१ साली इथून हाकेच्या अंतरावर, विश्रामबागवाड्यात निघालेल्या पाठशाळेकडे गेला. १८४९ साली लोकहितवादी आणि काही तरुणांनी सरकारला अर्ज केला, की यातले पैसे चांगली मराठी पुस्तकं लिहिणारांना द्या. शहर खवळलं. अर्ज नेणाऱ्यांना मार बसेल म्हणून जोतीराव फुल्यांनी माणसं जमवली, अशी हकीकत सांगतात. तेच जोतीराव, ज्यांनी वर्षभर आधी आपल्याच बुधवारात, भिडेवाड्यात, मुलींची शाळा काढली होती. त्या अर्जातून दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं १८९६ साली छापलेलं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हेही त्या बक्षिसाचं पुस्तक.

"अर्ज म्हणजे काय असतो, कळलं?" सर म्हणाले. बाईंनी गठ्ठा खाली ठेवला होता. मुलीनं प्रोजेक्टच्या पाठकोऱ्या बाजूवर सगळं टिपून घेतलं होतं.

लाइट आली. मशीन घुरघुरलं. सर रिमवरून उतरले नि एकदम खालच्या पट्टीत म्हणाले, "हं मालक, पान नऊ. अपेक्षित फलनिष्पत्ती."

संशोधन केव्हाच पुरं झालं होतं. राहिला होता तो अर्ज.

शेहेचाळीस रुपये झाले. म्हटलं, "राहू द्या सर. आजचं माझ्याकडून."

सर गप्प झाले. मग अर्जाचं पान अकरा उघडून त्यांनी रकाना सतरावर बोट ठेवलं : 'या संशोधनासाठी अन्य व्यक्ती वा संस्थेकडून साहाय्य मिळाले आहे काय?' अकरा वर्षं तिथे काळ्या शाईत 'नाही' होतं.

"तुमचं घेतलं तर इथे 'होय' लिहावं लागेल," ते म्हणाले, आणि पन्नासची नोट काउंटरवर ठेवून चार रुपये सुटे परत मागून घेतले.