अज्ञातवासाच्या पावत्या

परवान्याची मुदत उलटूनही ब्रिटनमध्ये ठाण मांडलेल्या परदेशीयास पूर्वी १४ वर्षांनी मिळणारी अर्जाची मुभा २०१२ साली २० वर्षांवर गेली. आणि ज्या इसमाने दोन दशके सरकारच्या दृष्टीस न पडण्याचे व्रत निष्ठेने पाळले, त्यानेच आपल्या अखंड वास्तव्याचे सालवार कागदी पुरावे हजर करावेत, असा दंडक आहे. पांडवांकडे अज्ञातवासाच्या पावत्या कोणी मागितल्या नव्हत्या! अर्ज मंजूर झालाच, तर ३० महिन्यांचे चार परवाने, म्हणजे आणखी १० वर्षे; आणि मग कायम रहिवासाच्या व नागरिकत्वाच्या उंबरठ्यावर, ३० वर्षे तिथेच काढलेल्या त्या गृहस्थास ब्रिटनमधील जीवन कितपत ठाऊक आहे, हे २४ प्रश्न विचारून तपासले जाते. वयाची ६५ वर्षे गाठलेल्यांस ही परीक्षा माफ आहे. एकंदर वेळापत्रक पाहता ही तरतूद दूरदर्शीपणाचीच म्हटली पाहिजे.