आवक भरपूर, जावक निरंक

सिडकोतल्या आमच्या भाऊसाहेबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, आवक-जावकच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतर त्यांनी फुलबाग मांडली तीही त्याच शिस्तीत.

घटस्थापनेला देव्हाऱ्यात काकूंचे घट बसतात, त्याच मुहूर्तावर अंगणात भाऊसाहेबांचे ट्रे बसतात. झिनिया, ॲस्टर, कॉसमॉस, गलांडा. प्रत्येक ट्रेत आइस्क्रीमची काडी, काडीवर जात, तारीख आणि बियांची संख्या. झिनिया चार-सहा दिवसांत वर येतो. मग रोज सकाळी हजेरी. एखादं बी गैरहजर राहिलं की दुकानदाराची खैर नाही.

दाट झालेली रोपं विरळ करा म्हटलं, तर विचारतात, “कुणाला कमी करू? तुम्हीच नाव सांगा.” शेंडा खुडला की फुटवे येतात, असं मी एकदा सुचवलं. “वाढत्या पोराची मुंडी मुरगाळू म्हणता?” म्हणाले, आणि दोन दिवस बोलले नाहीत.

जायकवाडी काठोकाठ भरलं तरी आमच्या नळाची पाळी काही दिवसांआडच येते. त्यामुळे काकूंना तांदूळ धुतलेलं पाणीही मोरीत ओतायची सोय नाही. ते ॲस्टरच्या खात्यावर जमा होतं.

फूल कापायला तयार झालं का, हे ओळखण्यात मात्र भाऊसाहेबांचा हात धरणारा कुणी नाही. झिनियाचा दांडा फुलाच्या वीतभर खाली धरून हलवतात. फुलाची मान लटपटली तर कच्चं. दांडा ताठ राहिला तर तयार. अशी तपासणी करून ते समाधानाने म्हणतात, “तयार आहे.” आणि कात्री खिशात घालून घरात जातात. वहीत आवकेचं पान भरलेलं, जावकेच्या पानावर ‘निरंक’.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी गंमत बघावी. अंगणात रंगांची जत्रा, आणि काकू पिशवी घेऊन औरंगपुऱ्यात फुलांचा भाव करताहेत!

गेल्या मार्गशीर्षात भाऊसाहेब लग्नासाठी जालन्याला गेले. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव, तेव्हा येताना आणखी पुड्या आणायचा बेत होताच. इकडे काकूंनी कात्री काढली. पूजा साजरी झाली, गल्लीतल्या प्रत्येक घरी एकेक जुडी गेली.

परत आल्यावर भाऊसाहेबांनी पंचनामा केला, जेवण टाकलं. पण काही आठवड्यांनी जिथे जिथे कात्री लागली होती, तिथे पानांच्या बेचक्यातून दोन-दोन फांद्या आल्या आणि प्रत्येकीवर कळी. भाऊसाहेबांनी वहीत शेरा मारला : ‘योग्य देखरेखीमुळे उत्पादनात वाढ.’ काकूंनी तो वाचला आणि कात्रीला धार लावून आणली.

हंगामी झाडाला जन्मात एकच काम उरकायचं असतं, बी धरायचं. ते झालं की फुलणं आटोपतं; फूल वेळेवर कापलं तर झाड पुन्हा कामाला लागतं. तेव्हा तुमच्याकडे झिनिया असेल तर ऊन चढायच्या आत, पानांच्या जोडीच्या जरा वर कापा, खालची पानं काढून दांडा लगेच पाण्यात ठेवा. आणि घरात भाऊसाहेब असतील, तर आधी त्यांना जालन्याच्या एसटीत बसवून या.