सतरंजी कोणत्या गटाकडे?

नाशिकमधल्या एका सांस्कृतिक संस्थेची फेररचना नुकतीच पार पडली. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या संस्था ‘आमचं का नाही?’ म्हणून रुसतील.

सार्वजनिक वाचनालय १८४०पासून चालवणाऱ्या या गावाला संस्थांचं अप्रूप नाही. पण समित्यांची खरी चटक लागली ती २०२१च्या चौऱ्याण्णवाव्या साहित्य संमेलनात. निमंत्रक लोकहितवादी मंडळ. मार्चमध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीच्या आवारात व्हायचं ते करोनामुळे डिसेंबरात आडगावला, भुजबळ नॉलेज सिटीत झालं. तारीख बदलली, जागा बदलली, अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. समित्या मात्र अढळ राहिल्या. तेव्हा ज्यांच्या छातीवर ‘समितीप्रमुख’ असा बिल्ला लागला, त्यांच्यातल्या काहींनी तो अजून उतरवलेला नाही.

तर आमच्या या संस्थेत समित्या सात आणि राबणारी माणसं चार. त्यावर उपाय म्हणून सातही समित्या बरखास्त करून अकरा ‘कार्यगट’ नेमले. एकट्या कार्यक्रम समितीचे तीन गट झाले: नियोजन, समन्वय आणि मूल्यमापन. म्हणजे कार्यक्रम ठरवणारे, ‘ठरलं का?’ असं विचारणारे आणि तो कसा फसला ते सांगणारे. कार्यक्रम करणारा गट नेमायचा राहून गेला. तो विषय पुढच्या सभेत येईल. कुणी नाराज नको म्हणून सगळ्या माजी अध्यक्षांचं मार्गदर्शक मंडळ झालं. त्यातही न मावलेले ‘कायम निमंत्रित’. त्यांना मत नसतं, माइक असतो.

हे सगळं अर्थातच लोकशाही मार्गानं. सर्वसाधारण सभा पाचला होती. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन साडेपाचला त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही, असं नोटिशीच्या तळाशी छापलेलं होतं. जाणते सभासद नोटीस खालूनच वाचतात. पाचला सभागृहात शिपाई आणि चिवडा होता. साडेपाचला घटनादुरुस्ती एकमतानं मंजूर झाली.

‘सतरंज्या कोण घालणार?’ असं एका सभासदानं विचारलंच. हा विषय मनुष्यबळ आणि साधनसामग्री या दोन गटांच्या हद्दीवर येतो, तेव्हा संयुक्त बैठक लावू, असं उत्तर मिळालं. बैठक लागली. तिच्यासाठी सतरंज्या त्याच चौघांनी घातल्या.

उरला कायदा. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. मागच्या दोन्ही बदल अर्जांवर हरलेल्या गटानं हरकत घेतली. त्यामुळे कागदोपत्री आमचे अध्यक्ष अजून तेच, ज्यांची शोकसभा संस्थेनं तीन वर्षांपूर्वी घेतली. ती सभा फार चांगली झाली. तिच्यासाठी समिती नेमायला वेळच मिळाला नव्हता.

या खेपेचा बदल अर्ज वेळेत जावा म्हणून खास ‘अनुपालन कार्यगट’ नेमला आहे. त्याचे निमंत्रक सध्या मुलीकडे अमेरिकेला गेलेत, सहा महिन्यांसाठी.